गॉडझिला पोसायचा तर

तोक्योलगतच्या चिबा प्रांतात नोदा नावाचे शहर आहे. तिथे यूएसएस या कंपनीच्या आवारात दर गुरुवारी जुन्या गाड्यांचा लिलाव भरतो. या लिलावात हातोडा नसतो की आरडाओरडा नसतो. पडद्यावर गाडीचे छायाचित्र येते, सभासद व्यापारी बटण दाबून बोली चढवत जातात आणि मिनिटाच्या आत सौदा उरकून पुढची गाडी पडद्यावर आलेली असते. बाहेरच्या माणसाला इथे प्रवेश नाही. ऑकलंड, मेलबर्न किंवा बर्मिंगहॅममध्ये बसलेला ग्राहक दलालामार्फतच बोली लावतो. लाखो रुपयांची ही गाडी त्याने डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. त्याच्यासमोर असतो फक्त तपासनिसाने हाताने भरलेला एक कागद.

तो कागद वाचता येणे ही या छंदाची पहिली पायरी आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. ४.५ किंवा ५ म्हणजे गाडी उत्तम, ४ म्हणजे वयाच्या मानाने चांगली, ३.५ म्हणजे पत्र्याला आणि रंगाला काम निघणार. आकड्याऐवजी ‘आर’ हे अक्षर असेल तर गाडीला मोठा अपघात होऊन सांगाड्याची दुरुस्ती झालेली आहे. शेजारी आतल्या भागाची प्रत ए, बी, सी अशी दिलेली असते. खाली गाडीचा वरून पाहिल्यासारखा आराखडा असतो आणि त्यावर बारीक अक्षरे पेरलेली असतात. ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे ठोकून रंगवलेल्या पत्र्यावरची लाट, ‘एस’ म्हणजे गंज, ‘एक्सएक्स’ म्हणजे तो भाग बदललेला. अक्षरापुढचा १, २, ३ हा आकडा दोष किती मोठा ते सांगतो.

नवखा माणूस कोपऱ्यातला आकडा पाहतो आणि खूश होतो. माझे मत असे की आकडा शेवटी पाहावा. आधी तपासनिसाने जपानीत खरडलेला शेरा वाचून घ्यावा, तोही गाडी विकणाऱ्या दलालाकडून न घेता दुसऱ्या जाणकाराकडून. मीटरच्या किलोमीटरबद्दल शंका असेल, तळाला गंज असेल, इंजिनातून ऑइल झिरपत असेल तर ते याच ओळींत लिहिलेले असते. चारही बाजूंना ‘डब्ल्यू’ असलेल्या ‘४’ प्रतीच्या गाडीपेक्षा पुढचा एक भाग नीट बदललेली ‘आर’ गाडी कधी कधी जास्त सरळ असते.

हे सगळे ज्या गाडीसाठी करायचे ती गाडी कोणती? सुप्रा, आरएक्स-७, लान्सर इव्होल्यूशन, इम्प्रेझा अशी नावे बरीच आहेत. मी इथे एकच घेतो, निसान स्कायलाइन जीटी-आर, तीही आर-३२ पिढीची. या गाडीचा जन्म, तिची परदेशगमनाची वाट आणि तिची दुखणी यांत या सगळ्या जातीची कहाणी येऊन जाते.

जीटी-आर ही अक्षरे स्कायलाइनवर पहिल्यांदा १९६९ साली आली. दुसरी पिढी १९७३ मध्ये निघाली आणि जेमतेम १९७ गाड्या बनून थांबली. मग सोळा वर्षे काहीच नाही. १९८९ च्या ऑगस्टमध्ये नागानोरी इतो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली आर-३२ आली, ती शर्यत जिंकण्यासाठीच. त्या काळच्या ‘ग्रुप ए’ शर्यतींचा नियम असा की शर्यतीत उतरवायची गाडी सर्वसामान्यांना विकलेल्या गाडीवरच आधारलेली हवी. टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून गट ठरत असे. निसानने सहा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे आरबी-२६ इंजिन २,५६८ घनसेंटिमीटरचे केले. १.७ ने गुणा, सुमारे ४,३६६ येतात, म्हणजे साडेचार हजारांच्या गटाच्या अगदी आत. त्या गटात रुंद टायर चालत. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे वाढलेले वजन पेलून ती ताकद रस्त्यावर उतरवायची तर रुंद टायर हवेच होते. एवढ्या हिशेबाने बनलेली गाडी कोणीही शोरूममध्ये जाऊन विकत घेऊ शकत होता, ही मला त्या काळाची सर्वांत मोहक गोष्ट वाटते.

निकाल तसाच लागला. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या २९ च्या २९ शर्यती आर-३२ ने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची १,००० किलोमीटरची शर्यत जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफ यांनी १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोनदा हिच्यावरच मारली. दुसऱ्या वेळी तर व्ही-८ गाड्यांच्या चाहत्यांनी विजेत्यांची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षापासून तिथले नियम बदलले आणि हिला जागाच उरली नाही. ‘गॉडझिला’ हे टोपणनाव ऑस्ट्रेलियाच्या ‘व्हील्स’ मासिकाने १९८९ मध्येच दिले होते. ते आजतागायत टिकले आहे.

कागदावर ही गाडी २८० अश्वशक्तीची. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवले होते की यापेक्षा जास्त आकडा कोणी जाहीर करायचा नाही, आणि वेग ताशी १८० किलोमीटरला बांधून ठेवायचा. अश्वशक्तीचा हा अलिखित करार २००४ पर्यंत चालला. इंजिन मात्र शर्यतीच्या ताकदीसाठी घडवलेले असल्याने रस्त्यावरच्या गाडीत बरीच ताकद राखून ठेवलेली होती. पुढच्या सगळ्या सुखाचे आणि दुखण्यांचेही मूळ इथे आहे.

इतकी चांगली गाडी जपान बाहेर का जाऊ देतो? तिथे खासगी गाडीला पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची तपासणी करून घ्यावी लागते. तपासणी, सक्तीचा विमा, वजनावरचा कर आणि त्या निमित्ताने निघणारी कामे मिळून बिल चांगलेच फुगते. तेरा वर्षे उलटली की वार्षिक करही वाढतो. शहरात गाडी ठेवायला स्वतःची जागा दाखवावी लागते ते वेगळेच. त्यामुळे गाडी पुरती म्हातारी होण्याआधीच मालक ती विकतो. तपासणी कडक असल्याने अशा गाड्यांची देखभाल बरी झालेली असते, आणि डावीकडून वाहतूक असलेल्या देशांना उजव्या हाताचे स्टिअरिंग आयतेच मिळते. न्यूझीलंडने १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या गाड्यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल केले आणि तिथल्या रस्त्यांचे रूपच पालटले.

प्रत्येक देशाचा दरवाजा मात्र वेगळ्या उंचीचा आहे. ब्रिटनमध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला वेगळी मान्यता-चाचणी लागत नाही. मागचा फॉग लॅम्प, मैलांत वेग दाखवणारा मीटर आणि नेहमीची वार्षिक एमओटी तपासणी एवढ्यावर पासिंग होते. कॅनडात १५ वर्षांची अट आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार गाडी २५ वर्षांची झाल्याशिवाय तिला सुरक्षानियमांतून सूट नाही, म्हणून सर्वांत जुन्या आर-३२ तिथे २०१४ मध्ये आल्या आणि नंतरच्या आर-३४ पिढीला २०२४ उजाडावे लागले. अमेरिकेचा दरवाजा किलकिला झाला की जपानच्या लिलावातले भाव चढतात. ‘फास्ट अँड फ्युरिअस’ मालिकेच्या चौथ्या चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेली निळी आर-३४ बॉनहॅम्सच्या लिलावात २०२३ मध्ये साडेतेरा लाख डॉलरच्या वर गेली. तो चित्रपटाचा महिमा झाला, तरी साध्या गाड्यांचे भावही त्या हवेने वर गेले आहेत.

भाव चढले की नकली मालही येतो. म्हणून पहिला तपास नंबराचा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला सतरा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय चेसिस नंबर नसतो. बॉनेट उघडल्यावर समोरच्या आडव्या पत्र्यावर एक छोटा क्रमांक ठोकलेला दिसतो. अस्सल जीटी-आर असेल तर त्याची सुरुवात ‘बीएनआर ३२’ अशी होते. ‘एचसीआर ३२’ असेल तर ती साधी टर्बो स्कायलाइन. तिला रुंद मडगार्ड आणि जीटी-आरची जाळी बसवून कोणी विकायला काढली असेल तर बाहेरून भले भले फसतात, पण तो ठोकलेला क्रमांक फसत नाही. हाच आखूड नंबर पुढे विमा कंपनीच्या संगणकाला पचत नाही, तेव्हा अशा गाड्यांची सवय असलेला विमा एजंट आधीच गाठून ठेवावा. गाडीची किंमत दोघांनी आधी ठरवून करायची पॉलिसी घ्यावी, कारण चोरांनाही या गाडीचा भाव ठाऊक आहे.

मग पत्रा. मागच्या चाकांवरच्या कमानी, दरवाज्यांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, डिकीचा तळ आणि बॉनेटखाली सस्पेन्शनचे वरचे टोक जिथे बसते तो भाग, या ठिकाणी गंज धरतो. साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून कमानीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मडगार्डच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडलेले आहे. जपानच्या उष्ण प्रदेशातल्या गाडीचा तळ बहुधा चांगला असतो, पण त्यावर जाड गंजरोधक थर क्वचितच असतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे पोचल्यावर पहिल्या थंडीआधीच तळ धुऊन, सुकवून, मेण किंवा तेलाचा थर दिला नाही, तर तीस वर्षे टिकलेला पत्रा दोन-तीन हिवाळ्यांत फुगायला लागतो. ताकद वाढवण्यावर खर्च करण्याआधी हा खर्च करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

इंजिनाची गोष्ट जरा लांबची आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोराने फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. आर-३२ च्या मूळ टर्बोमध्ये धुराकडचा पंखा सिरॅमिकचा आहे. पोलादापेक्षा तो हलका, त्यामुळे पाय दाबल्याबरोबर वेग धरतो. पण सिरॅमिक ठिसूळ असते. हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवला की पंखा आणखी वेगाने आणि जास्त तापून फिरतो आणि एके दिवशी दांड्यावरून सुटतो. त्याचे तुकडे सायलेन्सरकडे जातात, आणि बारीक चुरा उलट इंजिनात शिरण्याचाही धोका असतो. आता गंमत अशी की बूस्टच्या नळीत कारखान्याने बसवलेला एक छोटा अडसर असतो. तो उपसून काढला की फुकटात ताकद वाढते. जपानमध्ये पाच मिनिटांचे हे काम असंख्य गाड्यांवर केव्हाच झालेले आहे. गाडी हातात आल्यावर ती नळी सोडून तो अडसर जागेवर आहे का ते पाहावे. नसेल तर मागच्या मालकाने आणखी काय काय केले असेल याचा अंदाज येतो.

दुसरे दुखणे ऑइलचे. सुरुवातीच्या आर-३२ मध्ये क्रँकशाफ्टचा जो सपाट भाग ऑइल पंपाला फिरवतो, तो रुंदीला कमी पडतो. इंजिन वारंवार कमाल फेऱ्यांवर नेऊन धडधडवले की पंपाचे आतले दातेरी चाक तडकते, दाब शून्यावर येतो आणि बेअरिंगे क्षणात जातात. पुढे निसानने तो भाग रुंद केला. जुन्या गाडीवर जाड कॉलर आणि मजबूत पंप बसवतात, पण त्यासाठी इंजिन उतरवावे लागते. शिवाय मोठ्या फेऱ्यांवर बरेच ऑइल वर हेडमध्ये साठते आणि खाली यायला वेळ लावते. लांब वळणावर तळाच्या चेंबरमधले उरलेले ऑइल एका बाजूला सरकले की पंपाच्या तोंडी हवा येते. ट्रॅकवर जाणाऱ्याने म्हणूनच चेंबरमध्ये आडपडदे बसवून घ्यावेत आणि ऑइलची पातळी रोज पाहावी. गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा दिला आहे. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणून पाय दाबू नये. ऑइलचा काटा हलेपर्यंत सबुरी ठेवावी.

पेट्रोलचेही तसेच. जपानी पंपांवरचे महागडे पेट्रोल साधारण १०० ऑक्टेनचे असते. तिथे कोणी संगणकाची चिप बदलून गाडी त्या पेट्रोलवर ‘ट्यून’ केली असेल, तर कमी ऑक्टेनच्या देशात तीच गाडी ठोका देऊ लागते, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण वेळेआधी आणि वेडेवाकडे पेटते. पिस्टन असेच फुटतात. नव्या देशात टाकी भरण्याआधी चिप मूळची आहे की बदललेली, हे एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावे. त्याच भेटीत सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकेक आकडा किती आला यापेक्षा सहाही सारखे आले का, हे महत्त्वाचे.

टायरच्या बाबतीत मात्र भल्याभल्यांची चूक होते. आर-३२ मुळात मागच्या चाकांवर धावते. मागची चाके घसरू लागली की संगणक एका क्लचला दाब देतो आणि निम्म्यापर्यंत ताकद पुढच्या चाकांकडे वळवतो. चाके घसरली की नाही हे त्याला कळते चारही चाकांच्या वेगातल्या फरकावरून. आता मागचे टायर झिजले म्हणून फक्त दोन नवे टाकले, तर नव्या टायरचा घेर मोठा, जुन्याचा लहान. सरळ रस्त्यावरही पुढची-मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात, संगणकाला वाटते घसरण सुरू आहे, आणि तो क्लच विनाकारण घासत, तापत राहतो. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. रस्त्यात बंद पडली तर दोन चाके उचलून ओढायची नाही. चारही चाके वर घेणारी गाडीच बोलवायची.

बाकीचे नेहमीचेच आहे. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचा कागद नसेल तर बदललेलाच नाही असे धरून चालावे. तो तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इग्निशनच्या सहा कॉइल, हवा मोजणारे दोन सेन्सर, रबरी नळ्या, मागची चाके किंचित वळवणाऱ्या यंत्रणेचे सांधे, सगळे वयाने थकलेले असतात. लिटरला आठ-नऊ किलोमीटरच्या वर अ‍ॅव्हरेजची अपेक्षा धरू नये. जुन्या जपानी रेडिओवर इतर देशांतली बरीच एफएम केंद्रे लागत नाहीत, कारण तेव्हा तिथला पट्टाच ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा होता. त्याला छोटा कन्व्हर्टर मिळतो.

सुट्या भागांची काळजी पूर्वी मोठी होती. २०१७ च्या डिसेंबरात निसानने आपल्या निस्मो या शर्यत-शाखेमार्फत आर-३२ चे बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले आणि पुढे आर-३३ व आर-३४ चेही त्यात आले. भाव कडक आहेत, सगळेच मिळते असेही नाही, पण मूळ कंपनीने तीस वर्षांच्या गाडीची अशी जबाबदारी घेतली याचे मला मनापासून कौतुक वाटते. आपल्याकडच्या कंपन्यांनीही जुन्या मॉडेलांबाबत असे काही करावे.

आपल्याकडे ही गाडी आणता येईल का, असे मुंबई-पुण्यातले तरुण हमखास विचारतात. भारतातही वाहतूक डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे वरवर पाहता अडचण नाही. पण भारताच्या आयात धोरणानुसार वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही, आणि वर भरघोस शुल्क आहे. अतिजुन्या विंटेज गाड्यांचे नियम वेगळे, त्यात आर-३२ बसत नाही. निसानने २०१६ च्या डिसेंबरात आर-३५ जीटी-आर भारतात अधिकृतपणे आणली होती, दिल्लीतली शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख रुपये. त्या मॉडेलचे उत्पादन ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमध्येच थांबले. तेव्हा इथे कोणी स्वस्तात आर-३२ किंवा आर-३४ ‘कागदपत्रांसह’ देऊ करत असेल, तर पैसे देण्याआधी ते कागद कस्टम्सच्या कामातल्या वकिलाला दाखवा. शुल्क चुकवून आणलेली गाडी जप्त होते, आणि मग ती कोणाच्या नावावर आहे याला अर्थ उरत नाही.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांना मात्र हा मार्ग कायद्याने खुला आहे. त्यांना माझे सांगणे एवढेच: गाडीसाठी जमवलेल्या पैशांपैकी निदान चौथा हिस्सा खरेदीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी बाजूला काढा आणि त्यातून बेल्ट, नळ्या, टायर, ब्रेक आणि तळाचा पत्रा करून घ्या. तो हिस्सा काढल्यावर जीटी-आर परवडत नसेल तर मागच्या चाकांवर चालणारी साधी टर्बो स्कायलाइन घ्या. ती जीटी-आरपेक्षा हलकी आहे, तिची देखभाल सोपी आहे, आणि चालवायला तीही फार आनंदाची गाडी आहे.